वाढत्या अंगाचे बूट

नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला बुटांचे चार जोड आले. कपडे येणार, खुळखुळे येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण जो अजून सोफा धरूनच उभा राहतो त्याला चार-चार जोड? पाहुणे गेल्यावर लेकीने ते ओळीने मांडले. एक निळा, इंचभर जाड तळाचा. एक पांढरा, मोठ्या माणसाच्या पळायच्या बुटासारखा हुबेहूब, फक्त मुठीएवढा. एक कोल्हापुरी, लाल गोंड्यांची, इतकी गोड की उचलून शोकेसमध्ये ठेवावी. आणि चौथा विहीणबाईंनी सोलापूरच्या नवी पेठेतून आणलेला पिवळाधमक, पाऊल टेकलं की पीं-पीं वाजणारा, वर टाचेत लाल दिवा.

"आई, यातला आधी कुठला घालायचा?" लेकीने विचारलं.

"एकही नाही," मी म्हणाले, आणि तिथून जे सुरू झालं ते पुढे सात-आठ महिने पुरलं.

आधी माझं सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, त्यातली बहुतेक पाटण तालुक्यात. २०१८ साली निवृत्त झाले. आता पुण्यात लेकीकडे अकराव्या मजल्यावर राहते. सकाळी साडेआठला लेक-जावई कामावर गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि आमचे महाराज. त्यामुळे बूट कुठला हे लेकीने ठरवलं तरी तो पायात कोंबायचं काम माझ्याकडेच येणार होतं.

लेक फोनवर बरंच काही वाचत असते. बाळाला बूट कधी घालावेत, घरात घालावेत की नाही. मला त्यातला निम्मा प्रश्न पडतच नव्हता. आपल्याकडे तो उंबरठ्याने कधीच सोडवून टाकलाय. चपला दाराबाहेर, माणूस आत. अकराव्या मजल्यावर उंबरठा नाही, सरकतं दार आहे आणि चपलांचं कपाट आहे, पण नियम तोच. मग घरात रांगणाऱ्या पोराला बूट कशाला? माझी भाची स्टुटगार्टला असते. तिच्या मुलाच्या पाळणाघराने पहिल्याच दिवशी सामानाची यादी दिली, त्यात घरात घालायचे वेगळे जोडे. तिथे थंडी आहे, तिचं तिला. पुण्यात फेब्रुवारीत दुपारी आम्ही पंखा लावतो.

तरी लेकीला फरशी गार लागेल ही धास्ती होतीच. म्हणून विहीणबाईंनी स्वतः विणलेले लोकरीचे मोजे आम्ही घातले. सुंदर विणलेले, टाचेची घडीसुद्धा कशी नेमकी. पण त्या गुळगुळीत फरशीवर लोकर म्हणजे घसरगुंडी. महाराज टीव्हीच्या टेबलाला धरून उभे राहिले, एक पाय मागे सरकला, दुसरा पुढे, आणि हनुवटी टेबलाच्या कडेवर. रक्त नाही आलं, पण रडणं तळमजल्यापर्यंत गेलं असेल. त्या दिवसापासून मोजे फक्त झोपताना.

अनवाणी पोराला उभं राहताना एकदा नीट बघा. मी दुपारभर तेच करायची, मला दुसरा उद्योग काय! उभं राहायच्या आधी पायाची बोटं पसरतात, पंख्यासारखी. तोल पुढे गेला की बोटं फरशीला आवळतात, मागे गेला की टाच दाबली जाते आणि बोटं वर उचलतात. हा सगळा कारभार तो खाली न बघता करतो, कारण तळव्याला कळतं आपण कशावर आहोत. सतरंजीवर वेगळा उभा राहतो, फरशीवर वेगळा. तळव्याखाली इंचभर रबर घातलं तर हे बिचाऱ्याला कुठून कळणार? प्रयोग म्हणून एकदा तो निळा जोड घालून बघितलाच. महाराज जागच्या जागी पुतळ्यासारखे उभे राहिले, मग खाली बसले, आणि बूट चघळायला घेतला.

तर अनवाणी हा माझा पक्ष. पण त्यात एक गोम आहे, ती मलाच नीट ठाऊक असायला हवी होती.

मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं अनवाणी यायची. त्यांचे पाय रुंद, बोटं सुटी सुटी, अंगठा बाजूला फाकलेला. डोंगर उतरताना ती मुलं अशी यायची की वाटेवरचा दगड हलायचा नाही. मी नव्या चपला घालून त्यांच्या मागे दोनदा घसरले आहे. हे आठवून आज कुणी म्हणेल, बघा, निसर्ग! त्यांनी माझ्या टेबलाच्या खणातली सेफ्टी पिन बघायला हवी होती. आठवड्याला दोन-तीन काटे मी त्या पिनेने काढायची. बाभळीचा काटा आत मोडला की तळवा ठणकायचा आणि पोर चवड्यावर लंगडत यायचं. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या. फुरशाची भीती तर सगळ्यांनाच. आणि न दिसणारी गोष्ट म्हणजे अंकुशकृमी. ओल्या, घाण झालेल्या मातीतून तो तळव्याच्या कातडीतूनच आत शिरतो, आतड्यात जाऊन रक्त पितो, आणि पोर पांढरंफटक, वर्गात पेंगतं. २०१५ पासून जंतनाशक दिन सुरू झाला, दहा फेब्रुवारीला, तेव्हा गोळ्या चावून खायला लावायचं काम आम्हा शिक्षकांकडेच होतं. त्या मुलांनी अनवाणी चालायचं ठरवलेलं नव्हतं. त्यांच्याकडे चपला नव्हत्या. एका मुलीला मामाने स्लिपर घेऊन दिली होती, ती रोज हातात धरून यायची आणि शाळेच्या फाटकाशी पायात घालायची. का, तर वाटेत झिजेल.

हे सगळं ज्या बाईने बघितलं तिला एप्रिलमध्ये अक्कल सुचू नये?

महाराज चौदाव्या महिन्यात चालायला लागले. शेजारची छकुली दहाव्यात चालली होती, त्यामुळे लेकीचा जीव टांगणीला लागला होता. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतली मुलं बघून आठव्या महिन्यापासून जवळजवळ अठराव्यापर्यंत कधीही एकट्याने चालणं ठीकच म्हटलंय, आणि त्या पाच देशांत आपला भारतही होता. हे तिने मला वाचून दाखवलं, मी मान डोलावली, पण तिला धीर आला तो पोराने पाऊल टाकल्यावरच. तर चालायला लागल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्याला खाली बागेत नेलं. साडेचार वाजले होते, उन्हं कलली असं मला वाटलं. पायात काही नाही, कारण आजींचं तत्त्व! मातीत पाच मिनिटं मजेत गेली. मग घसरगुंडीकडे धावला. घसरगुंडीखाली पोरं पडली तर लागू नये म्हणून काळ्या रबराच्या लाद्या बसवल्यात. दिवसभर ऊन खाऊन त्या तव्यासारख्या तापल्या होत्या. मला चपलेतून काय कळणार? तो तीन पावलं गेला, किंचाळला, आणि पळून जायचं सोडून जागीच उभा राहिला. एवढ्या लहान मुलाला पाय उचलून बाजूला व्हायचं सुचत नाही, तो हात वर करून उभाच राहतो. उचललं तेव्हा दोन्ही तळवे लालभडक. नळाखाली गार पाणी सोडत मी त्याला धरून बसले होते, आणि लेकीला फोन करायची हिंमत होत नव्हती. संध्याकाळपर्यंत अंगठ्याखाली हरभऱ्याएवढा फोड.

लेक काही बोलली नाही. जावई म्हणाले, "आई, होतं असं." मला वाटलं यापेक्षा ओरडले असते तर बरं.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो तेव्हा फोडाचं काम दोन मिनिटांत झालं. मग मी विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, बूट पायाला चालायला शिकवत नाही आणि आधारही देत नाही, तो फक्त खालच्या वस्तूपासून वाचवतो. घरात खाली वाचवण्यासारखं काही नाही, बाहेर आहे. म्हणजे बाहेर जाताना घाला, आत आलं की काढा. एवढंच. पस्तीस वर्षं शिकवून मला हे एक वाक्य जमलं नव्हतं.

त्याच भेटीत सपाट पायांचंही निघालं. आदल्याच आठवड्यात विहीणबाई आल्या होत्या. महाराज अंघोळीवरून ओल्या पायांनी पळाले आणि फरशीवर पावलं उमटली, सबंध, मध्ये कुठे खळगा नाही. विहीणबाई थबकल्या. "काय ओ ताई, पोराचे पाय सपाट दिसतात की!" आमच्या पिढीला हे साधं वाक्य नाही. मुलगी बघायला आले की तिला चालून दाखवायला लावत, आणि सपाट पायाची सून नको म्हणणारे मी माझ्या कानांनी ऐकलेत. वर त्यांच्या दिरांनी फोनवर भर घातली की सैन्यात घेत नाहीत. पोर चौदा महिन्यांचं! विहीणबाईंचं म्हणणं, आत्तापासून कडक, घोट्यापर्यंतचा बूट घातला तर कमान येईल. त्यांच्या माहेरी कुणाला तरी म्हणे तसा करून दिला होता.

डॉक्टरीणबाई हसल्या. लहान मुलाच्या तळव्याखाली चरबीची गादी असते, तिने कमान झाकलेली असते. हाडंसुद्धा अजून पुरती हाडं झालेली नसतात, बरीचशी कूर्चाच असते. कमान हळूहळू दिसायला लागते, पाच-सहा वर्षं लागतात, कुणाला त्याहून जास्त. कडक बुटाचं म्हणाल तर अमेरिकेत मुलांना तीन वर्षं खास बूट घालून बघितले, १९८९ साली ते छापून आलं, बूट घातलेल्यांत आणि न घातलेल्यांत फरक निघाला नाही. आणि आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या डॉक्टरांनी चार ते तेरा वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले, ते १९९२ साली छापलं. पायात घालणाऱ्या मुलांत सपाट पाय शेकडा ८.६, न घालणाऱ्यांत २.८. त्यातही पुढून बंद बूट घालणाऱ्यांत जास्त, सँडल-स्लिपरवाल्यांत कमी.

मला पाटणची पंख्यासारखी बोटं आठवली. शिक्षकाची खोड म्हणून हेही सांगते की कर्नाटकात तपासलेली ती मुलं चार वर्षांच्या पुढची होती, आमच्या वयाची नव्हेत, आणि शंभरातल्या नव्वदांहून अधिक मुलांचे पाय बूट घालूनही चांगलेच होते. पण विहीणबाईंसमोर मी हे दुसरं वाक्य गाळलं. वाकड्या पायांचंही विचारलं, महाराज घोडेस्वारासारखे कंसात चालतात. ते दोन वर्षांपर्यंत चालायचंच म्हणाल्या, मग तीन-चार वर्षांचं झालं की उलटे, गुडघे एकमेकांना घासतील, तेव्हाही घाबरू नका, पुढे सरळ होतात.

मग खरेदी. लक्ष्मी रस्त्यावर गेलो, कारण घरी आलेल्या चारांतला एकही रोज घालण्याजोगा नव्हता. गंमत अशी की त्यातल्या दोघांवर "१२ ते १८ महिने" एकच लिहिलेलं, आणि शेजारी ठेवले तर एक दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब. महिन्यांवरून बूट घेणं म्हणजे वयावरून चष्मा घेणं. आकड्यांचं तरी काय, इंग्लंडचा आकडा जवाच्या दाण्याने चालतो, एक आकडा म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, आणि युरोपचा आकडा दोन तृतीयांश सेंटिमीटरने. हे दोन्ही आपल्या पायांसाठी कुणी केलेले नाहीत. चेन्नईच्या चर्म संशोधन संस्थेने लाखावर भारतीयांची पावलं मोजली, त्यात आपले पाय रुंद निघाले, आणि "भा" नावाची आपली मापं सुचवली गेली. ती आमच्या दुकानदारापर्यंत अजून पोचली नव्हती.

दुकानात मुलगा चुणचुणीत होता. त्याने महाराजांच्या पायाकडे न बघताच तीन खोकी काढली. मी पिशवीतून पुठ्ठा काढला. ही युक्ती स्टुटगार्टच्या भाचीची. आदल्या संध्याकाळी, कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगतो, नातवाला कागदावर उभं करून दोन्ही पायांच्या कडेने पेन्सिल फिरवली. बसवून नाही, उभं करून, म्हणजे वजन पडून पाय पसरतो. डावा ११.६ सेंटिमीटर, उजवा ११.८. मोठा पाय धरायचा. त्यात पुढे बारा मिलिमीटर मिळवायचे आणि तेवढ्या लांबीचा पुठ्ठा कापायचा, पावलाच्या रुंदीचा. पुठ्ठा बुटात सरळ, न दुमडता बसला तर बूट घ्यायचा. अंगठ्याने दाबून बघू नका, कारण दाबलं की पोर बोटं आत ओढून घेतं आणि आपल्याला वाटतं भरपूर जागा आहे.

तीनही खोकी पुठ्ठ्याने नापास केली. मुलगा म्हणाला, "आजी, हा घ्या, दोन नंबर मोठा. वाढत्या अंगाचा. वर्षभर बघायला नको."

वाढत्या अंगाचा! अहो, या एका शब्दावर माझा सगळा संसार झाला. गणवेश वाढत्या अंगाचा, फ्रॉकला खाली चार बोटं दुमड, स्वेटर कोपरापर्यंत गुंडाळलेला, दर वर्षी एक दुमड उसवायची. माझ्या तोंडून "द्या" जाणारच होतं. पण पुठ्ठा त्या बुटात आगगाडीच्या डब्यात एकटा प्रवासी बसावा तसा हलत होता. पाय आत सरकणार, बोटं पुढे आपटणार, टाच निघणार, आणि पोर तोंडावर. कपड्याला वाढत्या अंगाचं चालतं, कारण कपड्यावर उभं राहून चालायचं नसतं. बुटाला नाही चालत. आणि लहानही नाही चालत, ते तर वाईटच. कूर्चा मऊ असते, पोर तक्रार करत नाही, बोटं मुकाट्याने दुमडून घेतं. म्हणजे काय, तर दर तीन-चार महिन्यांनी नवा जोड. माझ्या जिवावर आलं, खोटं कशाला सांगू. सहाशे रुपयांचा बूट चार महिने!

शेवटी पाचव्या खोक्यातला निघाला. कापडी, वर वेलक्रो, पुढून बदकाच्या चोचीसारखा रुंद. दोन बोटांत धरून वाकवला तर पुढच्या भागात, जिथे बोटं वाकतात तिथेच वाकला. मधोमध वाकणारा नको, आणि अजिबात न वाकणारा तर नकोच. टाच सपाट, तळ पातळ पण घसरत नाही असा. रंग मळखाऊ करडा. लेकीचा चेहरा पडला. फोटोत काहीच दिसणार नव्हतं.

कोल्हापुरी मात्र दिवाळीत घातली, सदऱ्यावर, फोटोपुरती, बसवून. तिच्या चामड्याला नरम पडायला मोठ्या माणसालाच आठवडा लागतो, पोराला कुठे छळायचं. आता ती शोकेसमध्येच आहे.

राहिले पीं-पीं. विहीणबाई दर खेपेला येतात आणि पायांकडे बघतात. बोलत नाहीत, पण बघतात. त्या प्रेमाने उन्हातून पेठ हिंडल्या होत्या, हे मला कळतं. माझी तक्रार आवाजाची नव्हती. तो बूट घातला की महाराज चालायचेच नाहीत, आवाजासाठी एका जागी थयथय पाय आपटायचे, टाच आधी. तोडगा जावयांनी काढला. पकडीने एका बुटाच्या टाचेतली रबरी शिट्टी उपटली. दुसरीतली निघेना, ती राहिली. दोन्ही बूट मऊ निघाले, पुठ्ठाही ऑगस्टपर्यंत बसला. तर विहीणबाई आल्या की संध्याकाळी बागेत पिवळा जोड. एक पाऊल पीं, एक पाऊल मुकं. महाराजांना वाटतं आपलाच एक पाय बिघडलाय, ते मुक्या पायाला वाकून बघतात. "आवाज गेला वाटतं एकाचा," विहीणबाई म्हणाल्या. "पावसाने," जावई म्हणाले.

आता स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या बाजूला पावलं आहेत. एप्रिल ११.८, जून १२.१, ऑगस्ट १२.४, ऑक्टोबर १२.७. एकात एक, कांद्याच्या पाकळ्यांसारखी. करडा जोड लहान झाला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाळाला द्यावा असं वाटलं होतं. नव्या बाळाला आधी जुनं मऊ कापड घालतो आपण, तसं. पण आतला तळ बघितला तर आमच्या पाच बोटांचे पाच खड्डे त्यात पडले होते. दुसऱ्याच्या पायाने त्या खड्ड्यांत कशाला बसायचं? ठेवून दिला.

परवा डिसेंबरचं माप घ्यायला बसले तर महाराजांनी पेन्सिल हिसकावली, मला कागदावर उभं राहायची खूण केली, आणि माझ्या पायाभोवती फिरवायला लागले. माझा उजवा अंगठा बोटांकडे वळलाय, कॉलेजात निमुळत्या सँडल घातल्या त्याची ती कमाई. महाराज अंगठ्यापाशी आले, थांबले, कागदावरून वर चढले आणि अंगठ्याच्या हाडावरच गिरगटून ठेवलं. मग माप राहिलं. आज घ्यायचंय.